‘दऱ्या’ची दुरुस्ती आणि परत आलेला पॅच

विश्रामबाग, सांगली

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

‘आधी नियम वाचा’ एवढ्या एका ओळीवर तुझी पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या’ ही विनंती, बंद झाली आणि तुला ते फार लागलं, हे काल फोनवर कळलं. रात्री बसून मी ती पूर्ण वाचली. दुरुस्ती अस्सल आहे. ‘दऱ्या’ हा शब्द कुणी ऱ चा पाय मोडून टाइप करतं, कुणी साध्या र चा पाय मोडून पुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह देतं. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा नाही. हे मराठी माणसालाच खुपणार. तू ते पकडलंस, मला फार आनंद झाला.

पण दुरुस्ती अकरा ओळींची आणि तू पाठवल्यास चौदा फाइली! एडिटरने सगळीकडे टॅबच्या स्पेस करून टाकल्या, जाता जाता दोन फंक्शनची नावंही तू बदललीस. तुझे वडील यार्डात हळद नेतात तेव्हा हळकुंडं आणि गड्डे एका पोत्यात भरतात का? ज्याने तुझा कोड बघायचा तो दिवसभर नोकरी करून, जेवणं उरकल्यावर या कामाला बसतो. त्याला मराठी येत नाही. तुझ्या अकरा ओळी त्याने कुठे शोधायच्या? आणि एकदा कोड आत घेतला की पुढची कित्येक वर्षं तो त्यालाच सांभाळायचा असतो.

बदलाच्या नोंदीखालची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ तुला नुसता सोपस्कार वाटली. २००३ मध्ये एससीओ या सॉफ्टवेअर कंपनीने आयबीएमवर खटला भरला, आमचा कोड लिनक्स या मुक्त प्रणालीत घातला म्हणून. त्यानंतर २००४ मध्ये लिनक्सने ही ओळ सुरू केली. हा कोड माझा आहे, किंवा या लायसन्सखाली तो द्यायचा मला हक्क आहे, असं तू तिथे स्वतःच्या नावाने लिहून देतेस. तुझ्या एका फाइलीत कुठून तरी उचललेलं फंक्शन दिसतंय. त्याचं लायसन्स पाहिलं नसशील तर ते काढून टाक. यात मी सूट देणार नाही.

माझ्या पहिल्या पॅचला, म्हणजे पाठवलेल्या दुरुस्तीला, मी टेस्ट (ती चालते का ते तपासणारा कोड) जोडली नव्हती, ‘माझ्याकडे चालतं’ एवढंच लिहिलं होतं. सहा आठवडे उत्तर आलं नाही आणि रुसून मी ते काम सोडलं. दोन वर्षांनी तीच दुरुस्ती दुसऱ्या कुणी टेस्टसकट दिली, ती दोन दिवसांत आत गेली. मधली दोन वर्षं लोक तो त्रास सोसत होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

कमिट मेसेजची, म्हणजे बदलाच्या नोंदीची, पहिली ओळ पन्नासेक अक्षरांत बसव, एक ओळ मोकळी सोड, मग कारण लिही. काय बदललं ते डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या फरकात, दिसतंच. का बदललं ते तुलाच सांगावं लागेल.

रविवारी सकाळी घरी ये. नवी ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी फांदी, काढू आणि आधी टेस्ट लिहू: ‘दऱ्या’ शोधल्यावर तिची दोन्ही रूपं सापडली पाहिजेत, आणि समुद्राचा ‘दर्या’ त्यात येता कामा नये.

तुझे सर