मानवी सोडियम-पोटॅशियम पंपाचा रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेला) बीटा-१ घटक ई. कोलाय या बॅक्टेरियातला घ्यावा की एचईके या लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींमधला? त्यावर बिट्टीच्या बियांचा अर्क तपासता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, येणार नाही. हा पंप म्हणजे एटीपी (पेशीचं इंधन) तोडून पेशीतून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारं पेशीपटलावरचं एन्झाइम; अल्फा आणि बीटा हे त्याचे मुख्य घटक. बिट्टीतले ग्लायकोसाइड (पंप थांबवणारी वनस्पतींतली विषं) असोत, त्याच जातीचं ओआबेन असो की डिगॉक्सिन, ही सगळी मंडळी पंपाच्या अल्फा घटकावर बसतात. एटीपी धरायची जागा अल्फावर, फॉस्फेट ज्याला चिकटतो तो अ‍ॅस्पार्टेट अल्फावर, आयनांची वाटही अल्फातूनच. तुम्ही मागवताय तो बीटा-१ म्हणजे ३०३ अमिनो आम्लांचं प्रथिन, पेशीपटलातून एकदाच आरपार जाणारं. अल्फाची घडी नीट बसवणं आणि त्याला पटलापर्यंत पोचवणं हे त्याचं मुख्य काम. तो नसेल तर अल्फा एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्येच (पेशीत अशी प्रथिनं जिथे घडतात तिथेच) अडकतो आणि नष्ट होतो. पण एकटा बीटा एटीपी तोडत नाही, त्यामुळे अर्काने थांबवावं असं त्याच्यापाशी काहीच नाही.

खरं तर एवढं लिहून थांबणार होतो. पण 'शुद्धता ९५ टक्क्यांहून जास्त आहे, म्हणून गाईड ई. कोलायमधलाच घ्या म्हणतात' हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी पीएचडीला असताना ऐकलंय.

आमच्या लॅबमध्ये पंप बोकडाच्या गुर्द्यातून काढायचे. सकाळी खाटकाकडून ताजे गुर्दे बर्फातून आणायचे, उभे चिरायचे. बाहेरचा भाग फिकट तपकिरी दिसतो आणि त्याच्या आत गडद, जांभळट लाल पट्टा असतो. तो पट्टा बाह्य मेड्युलाचा. तिथल्या नलिकांच्या पेशींमध्ये हा पंप ठासून भरलेला असतो. छोट्या कात्रीने तेवढाच कापून सुक्रोज, इमिडाझोल आणि ईडीटीएच्या थंडगार बफरमध्ये टाकायचा, होमोजिनाइझ करायचा आणि टप्प्याटप्प्याने सेंट्रिफ्यूज. शेवटी तळाशी दुधट रंगाचा पटलांचा थर बसतो, त्यात पंप. ही पद्धत मूळची डेन्मार्कची, तिथे डुकराचे गुर्दे वापरत. आणि खुद्द पंपाचा शोधही तिथलाच: येन्स स्कू यांनी ऑर्हूसला किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायातल्या नसांवर काम करून १९५७ साली तो प्रसिद्ध केला, १९९७ साली त्यासाठी रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला.

आमच्याकडे नव्याने आलेल्या एका वरिष्ठ सरांना हा प्रकार मागासलेला वाटायचा. "आता हे कोण करतं? व्हायल मागवा," म्हणाले. विकतच्या प्रथिनाची कुपी, म्हणजे व्हायल, आली. मानवी बीटा-१, ई. कोलायमधला, फक्त पेशीबाहेरचा तुकडा (६३ ते ३०३), टोकाला हिस-टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली छोटी शेपटी). वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर वजनानुसार वेगळी केलेली प्रथिनं अँटीबॉडीने ओळखायची चाचणी) त्याचा बँड तीस किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) आसपास, बारीक आणि स्वच्छ. शेजारी आमच्या गुर्द्याच्या नमुन्याचा बँड पन्नास किलोडाल्टनच्या आगेमागे, जाड आणि पसरट. सरांनी भर मीटिंगमध्ये निकाल देऊन टाकला: विकतचा ९५ टक्के शुद्ध आहे, तेव्हा बरोबर तोच; तुमच्या नमुन्यात अँटीबॉडी भलत्यालाच चिकटतेय.

मी म्हटलं, सर, बीटावर साखरेच्या साखळ्या असतात. नैसर्गिक प्रथिनावर तीन ठिकाणी ग्लायकोसिलेशन होतं, बॅक्टेरियात ते होत नाही. ते म्हणाले, पुस्तकातलं सांगू नका. मग मी गुर्द्याच्या नमुन्यावर पीएनगेझ-एफ चालवलं. हे एन्झाइम त्या साखळ्या छाटतं. पुढच्या ब्लॉटवर तोच पसरट बँड घसरून पस्तीसपाशी आला आणि बारीक झाला. ३०३ अमिनो आम्लांचं वजन बरोबर तेवढंच भरतं. उरलेला फरकही सरळ होता, कारण व्हायलमधल्या तुकड्याला पहिली ६२ अमिनो आम्लं नाहीतच. सगळा हिशेब जुळला. फिल्म टेबलावर ठेवली. सरांनी एकदा पाहिली आणि म्हणाले, "ठीक, पुढे चला." वार्षिक अहवालात मात्र 'प्रमाण नमुना' म्हणून व्हायलच छापली गेली.

म्हणून सांगतो, शुद्धतेचा आकडा फक्त एवढंच सांगतो की व्हायलमध्ये दुसरं प्रथिन फारसं नाही. असलेलं प्रथिन कुठल्या अवस्थेत आहे, हे तो सांगत नाही. बीटाच्या बाहेरच्या भागात तीन डायसल्फाइड बंध (घडी पक्की धरणारे गंधकाचे दुवे) असतात. ई. कोलायच्या साध्या पेशीद्रवात ते नीट जुळत नाहीत, आणि असं प्रथिन बरेचदा गोळे होऊन बसतं. मग युरियात विरघळवून पुन्हा घडी घालायची. ती घडी बसली की नाही, हे जेलवर कळत नाही. जेलवर चालवताना आपण प्रथिन उलगडूनच टाकतो.

तरी ई. कोलायमधला अगदीच टाकाऊ असं मी म्हणणार नाही. ब्लॉटला पॉझिटिव्ह कंट्रोल (चाचणी चालते हे दाखवणारा नमुना) म्हणून हवा असेल आणि तुमची अँटीबॉडी त्या तुकड्यातलीच जागा ओळखत असेल, तर खुशाल घ्या, पैसे वाचतील. पण बीटा-१ कशाशी बांधला जातो, किंवा शेजारशेजारच्या एपिथेलियल पेशी एकमेकींना धरून ठेवण्यात त्याचा वाटा काय (तोही असतो), असलं काही पाहायचं असेल तर साखळ्या लागतातच, मग एचईकेमधलाच.

तुमचा प्रश्न अर्काचा आहे, त्यामुळे तुम्हाला अख्खा पंप हवा. मानवीच हवा असेल तर अल्फा-बीटा एकत्र बनवणारी यंत्रणा लागेल, म्हणजे कीटकपेशी किंवा पिकिया यीस्ट. एम.एससी.च्या मुदतीत ते जमणं मला अवघड दिसतं. बोकडाचा गुर्दा स्वस्त आहे, रोज मिळतो आणि त्यातला पंप चालू असतो. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि एटीपी घालून ३७ अंशांना ठेवा, एक संच ओआबेनसह आणि एक त्याच्याविना. सुटलेला फॉस्फेट मोजा. दोन्हींतला फरक तो पंपाचा; अर्काने तो किती घटतो ते पाहायचं. मोजायला फिस्के-सुब्बाराव पद्धत पुरते. सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांची १९२५ सालची ती पद्धत आजही भरवशाची आहे. निळा रंग चढतो आणि ओआबेनच्या नळीत तो फिका राहतो, हे डोळ्यांनी दिसतं. आमच्या सरांनी एका ज्युनिअरला हीच चाचणी बीटाच्या व्हायलवर करायला लावली होती. आकडे ब्लँकइतकेच (एन्झाइम न घातलेल्या नळीइतकेच) आले, तर म्हणाले व्हायल खराब निघाली. व्हायल उत्तम होती, प्रश्नच चुकीचा विचारला होता.

आता काही गोष्टी राहिल्या. उंदराचा किंवा घुशीचा गुर्दा घेऊ नका. त्यांच्या अल्फा-१ मध्ये ओआबेन बसण्याच्या जागेपाशी दोन अमिनो आम्लं वेगळी आहेत, त्यामुळे या विषांना तो फारशी दाद देत नाही. गुर्द्यात मुख्यतः अल्फा-१ बीटा-१ हीच जोडी मिळते, तेव्हा हृदयातल्या किंवा मेंदूतल्या प्रकारांबद्दल त्यावरून निष्कर्ष काढू नका. अर्काचा स्वतःचा रंग आकडे बिघडवतो आणि टॅनिन कुठल्याही एन्झाइमला अडवतं, म्हणून नुसत्या अर्काचा ब्लँक लावा. अल्फाचा ब्लॉट करणार असाल तर नमुना उकळू नका, गोळा होऊन जेलच्या वेलमध्येच (नमुना भरायच्या खाचेत) अडकतो. ३७ अंश पुरे. आणि बिट्टीच्या बिया हातमोज्यांशिवाय कुटू नका. माणसाच्या हृदयाची लय बिघडवणारं विष आहे ते.

एवढं करूनही गाईड व्हायलवर अडून बसले तर मागवा, वाद घालत बसू नका. पण प्रबंधात 'मानवी बीटा-१, ९५ टक्के शुद्ध' एवढ्यावर भागवू नका. 'ई. कोलायमधला, ६३ ते ३०३, ग्लायकोसिलेशनविना' असं पूर्ण लिहा, आणि शक्य असेल तर शेजारच्या लेनमध्ये पीएनगेझ-एफ दिलेला गुर्द्याचा नमुना चालवून तो फोटो त्याच पानावर लावा.