2007 मध्ये अ‍ॅपलॅचियन स्टेटने मिशिगनला कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये हरवलं, ते नशीबच होतं ना? असा निकाल आधी ओळखता येतो का?

नाही, नशीब नव्हतं. तटस्थ उत्तर हवं असेल तर दुसऱ्या कोणाचं वाचा. मी तेव्हा बूनमध्ये होतो, अ‍ॅपलॅचियन स्टेटलाच कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स करत होतो, आणि माझा सख्खा मावसभाऊ मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बरला शिकत होता. तुम्ही प्रश्नातच उत्तर ठरवून टाकलंय. तेच उत्तर मी घरातल्या लग्नांत, मुंजींत, दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर वर्षानुवर्षं ऐकत आलोय. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

नशीबवाले सगळे एकच क्लिप दाखवतात. सहा सेकंद उरलेत, मिशिगनचा गिंगेल 37 यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून किक मारून तीन पॉइंट) मारतोय, आमचा कोरी लिंच कडेने घुसून तो अडवतो आणि बॉल घेऊन पळत सुटतो. निकाल 34-32. पण त्याआधी, शेवटच्या दोन मिनिटांतच, आमच्या ब्रायन क्विकनेही मिशिगनची एक किक अडवली होती. ती कोणाला आठवत नाही. एकदा अडवली तर योगायोग म्हणा. दोनदा अडवली म्हणजे समोरच्याच्या फळीत भोक होतं आणि आपल्या पोरांनी ते हेरलं होतं.

आणि मॅच काही शेवटच्या किकवर सुरू झाली नव्हती. पहिल्या क्वार्टरमध्ये मिशिगन 14-7 पुढे होतं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये अ‍ॅप स्टेटने एकट्याने 21 पॉइंट काढले. मध्यंतराला 28-17. हे अ‍ॅन आर्बरमध्ये, 1,09,218 लोकांसमोर, देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या संघाविरुद्ध. त्या पंधरा मिनिटांत मिशिगनचे धिप्पाड लाइनमन आणि लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या फळ्यांतले खेळाडू) आडवे पळून पळून दमलेले दिसतात. नशिबाने कोणाला दम लागत नाही.

हे आडवं पळवणं ठरवून केलेलं होतं. जेरी मूर हे तेव्हा साठी उलटलेले कोच. आयुष्यभर जुन्या वळणाचा खेळ शिकवलेला माणूस, पण 2004 मध्ये त्यांनी आपला अख्खा ऑफेन्स (आक्रमणाची पद्धत) बदलून स्प्रेड, म्हणजे खेळाडूंना मैदानभर पसरवून खेळणं, आणला. त्यासाठी त्यांचे सहकारी वेस्ट व्हर्जिनियाला जाऊन तिथले कोच रिच रॉड्रिगेझ यांचा स्प्रेड शिकून आले. मोठी कॉलेजं ज्यांना घेत नाहीत अशी चपळ, अंगाने लहान मुलं या खेळात उपयोगी पडतात. मैदानाची सगळी रुंदी वापरायची, समोरच्या तीनशे पौंडांच्या माणसाला उघड्यावर एकटं गाठायचं आणि बॉल अशा मुलाकडे द्यायचा ज्याला तो माणूस पकडू शकणार नाही. क्वार्टरबॅक (पास टाकणारा, खेळ चालवणारा) आर्मान्टी एडवर्ड्स, साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनवुडचा, तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता. त्या दिवशी 23 पैकी 17 पास पूर्ण, तीन टचडाऊन (बॉल समोरच्याच्या टोकापर्यंत नेला की सहा पॉइंट), वर स्वतः पळून एक. डेक्स्टर जॅक्सनचा 68 यार्डांचा टचडाऊन बघा: साधा पास आहे, पण मधली जागा रिकामी झालेली आहे. 2005 आणि 2006 या दोन्ही वर्षी आपल्या गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलेला हा संघ होता. एफसीएस या खालच्या गटातला असल्यामुळे बाहेर कोणी त्याकडे पाहिलं नव्हतं, एवढंच.

आता त्या दिवसाचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

बून हे ब्लू रिजच्या डोंगरातलं गाव, साडेतीन हजार फुटांच्या आसपास. कॉलेज आणि गाव वेगळं काढता येत नाही. मी कराडहून इंजिनिअरिंग करून तिथे गेलो होतो. आम्हा देशी मुलांपैकी बहुतेकांना फुटबॉलमध्ये रस नव्हता. भारत तेव्हा इंग्लंडमध्ये वनडे मालिका खेळत होता आणि घरात चर्चा तीच. मला मात्र पहिल्याच हिवाळ्यात या खेळाचं वेड लागलं होतं, कारण माझ्या लॅबमधला एक अमेरिकन मुलगा मला स्टेडियममध्ये घेऊन गेला आणि दर खेळीला कानाशी समजावत बसला. मॅच होती बिग टेन नेटवर्कवर. ते चॅनेल दोनच दिवसांपूर्वी सुरू झालेलं, गावातल्या केबलवर नव्हतंच. ज्याच्या घरी डिश त्याच्याकडे गर्दी. त्या मुलाच्या घरमालकाकडे डिश होती. बैठकीच्या खोलीत इतकी माणसं, की मी दीड-दोन तास भिंतीला टेकून उभाच होतो.

मध्यंतरापर्यंत सगळे आरडाओरडा करत होते. चौथ्या क्वार्टरमध्ये मिशिगनचा माइक हार्ट 54 यार्ड पळाला आणि मिशिगन 32-31 ने पुढे गेलं, तेव्हा खोलीत कोणी बोलेना. घरमालकाने आवाज बंद करून रेडिओ लावला, कारण रेडिओवर आपला माणूस बोलत होता. मग क्विकचा ब्लॉक. मग एडवर्ड्सने संघाला फटाफट पुढे नेलं आणि 26 सेकंद उरलेले असताना ज्युलियन राऊकने 24 यार्डांवरून फील्ड गोल मारला. 34-32. त्यानंतर मिशिगनच्या मॅनिंगहॅमने एक लांब पास पकडला. मिशिगन पुन्हा किकच्या टप्प्यात आलं, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी आजोबांनी माझा दंड पकडला होता. लिंचने किक अडवली, आणि ते आजोबा माझ्या गळ्यात पडून रडले. त्यांनी स्वतः त्याच कॉलेजात शिकून आयुष्यभर शाळेत शिकवलं होतं. अ‍ॅप स्टेट मुळात शिक्षक तयार करणारं कॉलेज होतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

संध्याकाळी गावातली पोरं किड ब्रूअर स्टेडियममध्ये शिरली, गोलपोस्ट उपटला आणि मिरवत चॅन्सेलर पीकॉक यांच्या घरासमोरच्या हिरवळीवर नेऊन ठेवला. मीही त्या मिरवणुकीत होतो. गणपतीच्या विसर्जनानंतर इतका बेभान मी दुसरीकडे कुठे झालो नव्हतो.

रात्री मी दादाला, म्हणजे मिशिगनमधल्या त्या मावसभावाला, फोन केला. मोठा भाऊ, लहानपणापासून मला सायकल शिकवण्यापासून सगळं केलेला. मला वाटलं तो हसेल, शिव्या घालेल, अभिनंदन करेल. तो म्हणाला, ‘‘नशीब रे. एक किक. दहा वेळा खेळा, नऊ वेळा तुम्हाला तुडवू.’’ त्यावर मी काही बोललो नाही, कारण त्याच्या आवाजात मला मॅचपेक्षा जुनं काहीतरी ऐकू आलं. आमच्या घरात तो ‘मिशिगनचा’ आणि मी ‘डोंगरातल्या कुठल्या तरी कॉलेजचा’. मावशीने आईला कधीच विचारलं होतं, ‘‘तिथं काय, नुसतं रान आहे म्हणतात ना?’’ आईने ते मनावर घेतलं होतं. मला टीए (शिकवण्यात मदत करण्याचं पगारी काम) मिळाली होती, फी माफ होती, प्राध्यापक नावाने ओळखत होते. यातलं काहीही घरी मोजलं जात नव्हतं.

दादाचे पुढचे मुद्देही देतो, म्हणजे तुमच्याशी कोणी वाद घातला तर उपयोगी पडतील.

‘‘हार्ट जखमी होता.’’ होता. मांडी दुखावल्यामुळे मधला बराच वेळ बाहेर होता. तरीही त्याने 188 यार्ड आणि तीन टचडाऊन काढले. मिशिगनला यार्ड कमी पडलेच नाहीत, एडवर्ड्सला थांबवणारं कोणी कमी पडलं.

‘‘लॉइड कारने (मिशिगनचे कोच) टचडाऊननंतर एका पॉइंटची साधी किक सोडून दोनदा दोन पॉइंटसाठी जायला नको होतं.’’ हा एकच मुद्दा मला मान्य आहे आणि यावर अजूनही चाहते भांडतात. दोन्ही वेळा साधी किक मारली असती आणि ती बसली असती, तर राऊकच्या फील्ड गोलनंतर 34-34 झालं असतं. पण हा कोचच्या निर्णयाचा हिशोब झाला. दबावाखाली चुकीचा हिशोब करायला लावणं हेही समोरच्या संघाचंच काम असतं.

‘‘मिशिगन त्या वर्षी वाईटच होतं.’’ पुढच्याच आठवड्यात ऑरेगॉनने त्यांना 39-7 ने हरवलं, म्हणून हे म्हणतात. पण त्याच मिशिगनने 1 जानेवारी 2008 ला टिम टिबोच्या फ्लोरिडाला 41-35 ने हरवलं. हेन, हार्ट, जेक लाँग, मॅनिंगहॅम: या मुलांना वाईट म्हणणाऱ्याने तो हंगामाअखेरचा बोल सामना पाहिलेला नाही.

2014 मध्ये अ‍ॅप स्टेट एफबीएस या वरच्या गटात गेलं आणि पहिलीच मॅच पुन्हा अ‍ॅन आर्बरमध्ये झाली. 52-14 ने हरलो. दादाचा फोन मॅच संपायच्या आधीच आला. 2022 मध्ये सहाव्या क्रमांकाच्या टेक्सस ए अँड एमला त्यांच्याच मैदानावर 17-14 ने हरवलं, तेव्हा मी फोन केला आणि त्याने उचलला नाही.

मला जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याच 2007 च्या सप्टेंबरमध्ये धोनीच्या नवख्या संघाने जोहान्सबर्गला पाकिस्तानला पाच धावांनी हरवून टी-20 विश्वचषक जिंकला. मिसबाहचा तो स्कूप दोन हात लांब गेला असता तर? दादा त्या दिवशी नाचला. त्याला त्यात धोनीचं डोकं दिसलं, जोगिंदरची हिंमत दिसली, श्रीशांतचा झेल दिसला. मग लिंचचा ब्लॉक तेवढा नशीब कसा?

आता तुमचा दुसरा प्रश्न: आधी ओळखता येतं का? नेमकं नाही, पण काही गोष्टी पाहता येतात. लहान संघाचा क्वार्टरबॅक अनुभवी आहे का. मोठ्या संघाने असा ऑफेन्स गेल्या वर्षभरात पाहिलाय का. मॅच हंगामाची पहिली आहे का, कारण तेव्हा मोठ्या संघाला समोरच्याची टेप नीट पाहायचा कंटाळा असतो. आणि किकिंग. फील्ड गोल आणि पंटच्या (बॉल लांब मारून समोरच्याला देण्याच्या किकच्या) फळ्या कच्च्या असलेला मोठा संघ असा हरू शकतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टॅनफर्डने 41 पॉइंटांनी हरणं अपेक्षित असताना यूएससीला 24-23 ने हरवलं; ती मॅचही बघा, यूएससीने बॉल किती वेळा गमावला ते मोजा. सट्ट्याच्या आकड्यांवर मात्र जाऊ नका. मिशिगनच्या त्या मॅचला बहुतेक ठिकाणी भावच निघाला नव्हता.

नशीब हा शब्द लोक कोणासाठी वापरतात ते एकदा तपासून पाहा. मोठ्या नावाचा माणूस जिंकला की गुणवत्ता, लहान नावाचा जिंकला की नशीब. घरात कोणी अमेरिकेत शिकायला निघालं असेल तर फक्त रँकिंगची यादी उघडून बसू नका. वर्गात किती मुलं आहेत, पैसे मिळतायत का, प्राध्यापक भेटतात का हे विचारा. मला बूनमध्ये जे शिकायला मिळालं ते मला त्या यादीतल्या पहिल्या पन्नासांत मिळालं नसतं असं माझं ठाम मत आहे. माझं आजचं काम त्याच्या जोरावर उभं आहे.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या, त्या सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी सांगेलच. अशा बहुतेक मॅचमध्ये लहान संघ मोठ्या फरकाने हरतो. त्यांना पैसे देऊन बोलावलेलं असतं, अ‍ॅप स्टेटलाही चार लाख डॉलर मिळाले होते. तेव्हा मोठ्या गटात 85 स्कॉलरशिप असायच्या, एफसीएसमध्ये 63, त्यामुळे चौथ्या क्वार्टरमध्ये ताजे खेळाडू कोणाकडे असणार हे उघड होतं. अ‍ॅप स्टेट त्याच हंगामात वॉफर्ड आणि जॉर्जिया सदर्नकडून हरलंसुद्धा, आणि तरी सलग तिसरं अजिंक्यपद जिंकलं. म्हणजे दहापैकी दहा वेळा आम्ही मिशिगनला हरवलं असतं असं मी म्हणत नाही. तीन-चार वेळा नक्की हरवलं असतं, आणि ज्या संघाला तुम्ही दहापैकी तीनदा हरवू शकता त्याला हरवण्याला नशीब म्हणत नाहीत. त्या मॅचनंतर एपी या वृत्तसंस्थेने पत्रकारांच्या मतांवर ठरणाऱ्या आपल्या क्रमवारीचा नियम बदलून एफसीएसच्या संघांनाही मतं देण्याची मुभा दिली. पत्रकारांनाही ते नशीब वाटलं नव्हतं.

दादा हे वाचेल, कारण मावशीच त्याला पाठवेल. त्याला माझा एकच प्रश्न आहे. नोव्हेंबर 2007 मध्ये लॉइड कार यांनी निवृत्ती जाहीर केली आणि डिसेंबर 2007 मध्ये तुमच्या मिशिगनला नवा कोच हवा होता. सगळा देश समोर असताना त्यांनी वेस्ट व्हर्जिनियाहून रिच रॉड्रिगेझला आणलं, ज्याच्याकडून मूर यांचे लोक स्प्रेड शिकून आले होते. पुढे तीन वर्षांत त्याचं तिथे जमलं नाही, तो भाग वेगळा. पण त्यालाच का आणलं, दादा?