खजुराच्या खोक्यावरचा पिनकोड

भाऊ, तुम्ही रमजानसाठी मेडजूल जातीचा खजूर मागवून नाशिकच्या भद्रकालीत होलसेल देता, त्यातलाच थोडा रिपॅक करून नेदरलँड्सच्या पार्टीला पाठवायचा होता आणि तिने विचारलं की माल इस्रायलचा आहे ते ठीक, पण बाग नेमकी कुठल्या गावात. तुम्ही म्हणताय हे नुसतं राजकारण आहे, इस्रायलशी धंदा करायचा तर करा नाहीतर सोडून द्या, हे मधलंच काय काढलं.

तर मधलं हेच मुख्य आहे. मी द्राक्षवाला, 2003 ला युरोपात आपल्या द्राक्षात फवारणीच्या औषधाचे अंश सापडले तेव्हा मी या लाइनमधे होतो, त्यातूनच पुढे निर्यातीच्या द्राक्षाचा माग काढणारी ग्रेपनेट सिस्टम आली आणि आज पेटीवरचा नंबर टाकला की दिंडोरीतला थेट प्लॉट निघतो. खजुराचंही तसंच. युरोपने इस्रायलच्या मालाला ड्युटीत सवलत दिलीये, पण 2005 पासून ओरिजिनच्या, म्हणजे माल कुठला ते सांगणाऱ्या, कागदावर माल जिथे तयार झाला त्या जागेचं नाव आणि पिनकोड लिहावा लागतो, आणि तो पिनकोड इस्रायलने 1967 ला ताब्यात घेतलेल्या भागातल्या इस्रायली वसाहतीचा निघाला की सवलत गेली. त्या भागातल्या वेस्ट बँकमधे, जॉर्डन खोऱ्यात, अशा वसाहतींच्या मेडजूलच्या बागा भरपूर आहेत म्हणून खजुराचं नाव निघालं की लगेच हा प्रश्न येतो.

आता गंमत बघा, त्याच खोऱ्यात जेरिकोकडे पॅलेस्टिनी शेतकऱ्यांचाही मेडजूल आहे आणि युरोपचा 1997 पासून पॅलेस्टिनी बाजूशी वेगळा करार आहे, म्हणजे त्यांच्या कागदावर आला तर त्यालाही सवलत मिळू शकते. फळ तेच, कागद वेगळा. 2010 ला सोडा बनवायच्या मशीनच्या केसमधे युरोपच्या कोर्टाने हेच सांगितलं की वेस्ट बँकमधल्या मालाला इस्रायलचा कागद चालणार नाही. 2019 ला वाइनची केस झाली, त्यात लेबलवर नुसता भागच नाही तर माल वसाहतीतला आहे हेही लिहा म्हणाले. आपण नाशिक व्हॅली वाइनचा जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिरवतो ना, उद्या दुसऱ्या जिल्ह्यात बाटली भरून कोणी तेच नाव छापलं तर आपण गप्प बसू का?

पण सवलत काढणं, लेबल लावणं आणि बंदी घालणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक सगळ्याला बॉयकॉट म्हणून मोकळे होतात. पहिल्या दोनमधे माल विकता येतो. पूर्ण बंदी ही नवी, स्लोव्हेनियाने 2025 च्या ऑगस्टमधे घातली, आयर्लंडमधे 2018 पासून विधेयक घोळतंय, आणि तीही फक्त वसाहतीच्या मालावर, तेल अवीवच्या मालावर नाही.

याच्या मागचा कायदा सातबाऱ्याच्या भाषेत सांगतो. कोणी तुमच्या गटात घुसून कांदा लावला तर पीक त्याने घेतलं म्हणून जमीन त्याची होत नाही, आणि माहीत असून तो कांदा जो सौद्यात घेतो तो अतिक्रमणालाच पैसा पुरवतो. 1949 च्या जिनिव्हा करारात कलम 49 आहे, कब्जा करणाऱ्याने आपली माणसं त्या भागात नेऊन वसवायची नाहीत. आणि 19 जुलै 2024 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हा कब्जाच बेकायदेशीर आहे आणि तो टिकवायला मदत होईल असा व्यापार बाकीच्या देशांनी होऊ देऊ नये. हे सल्लावजा मत आहे, कोणी पोलीस पाठवत नाही, पण युरोपातले वकील आता तेच पुढे ठेवतात.

यात मला खटकतो तो दुटप्पीपणा. युक्रेनचा क्रिमिया रशियाने मार्च 2014 ला गिळला आणि जूनमधे युरोपची आयातबंदी लागू. इकडे कब्जा 1967 चा, तरी अजून कागदच तपासतायत. मोरोक्कोच्या ताब्यातल्या पश्चिम सहाराच्या टोमॅटो-खरबुजावर मोरोक्कोचं नाव नको हे सांगायला युरोपच्या कोर्टाला 2024 चा ऑक्टोबर उजाडला. आपलंही काही फार छान नाही, 1946 ला दक्षिण आफ्रिकेशी वर्णभेदावरून व्यापार तोडणारा पहिला देश आपला, तेव्हा स्वातंत्र्यही मिळालं नव्हतं, आणि सप्टेंबर 2024 ला संयुक्त राष्ट्रांत इस्रायलच्या याच कब्जावर मतदान झालं तर आपण तटस्थ.

मजुरांचं काय, हा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे. वसाहतींच्या बागांत पॅलेस्टिनी माणसंच राबतात, ऑर्डर तुटली तर पहिली झळ त्यांनाच. 1971 ला दक्षिण आफ्रिकेच्या कब्जातल्या नामिबियाच्या बाबतीत हेगच्या याच न्यायालयाने म्हटलं होतं की कब्जा मानू नका पण तिथल्या लोकांचं नुकसान करू नका, जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदी खऱ्याच धरा. ते कागदाला सोपं, पगाराला अवघड. माझ्याकडे याचं उत्तर नाहीये.

आता तुमचं काम. भारतात अशी बंदी नाही, भद्रकालीत विका. युरोपसाठी सप्लायरकडून गाव आणि पिनकोड लेखी घ्या, आणि तो बागेचा घ्या, पॅकहाऊसचा नाही. आमच्या एका कंटेनरमधे पॅकहाऊसला दोन प्लॉटच्या पेट्या मिक्स झाल्या होत्या, माल गोड होता, औषधाच्या अंशाच्या तपासणीत पास होता, तरी बारा दिवस पोर्टवर पडून. खजूर टिकतो, द्राक्षाचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.