वाचकांचे प्रश्न : रात्रीचा धूर

प्रश्न : भाऊ, आम्ही नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीला लागून राहतो. रात्री अकरानंतर एका कारखान्याची चिमणी काळा धूर सोडते. गच्चीवर राहिलेल्या कुरोड्या सकाळी काळ्या! तक्रार कुठे करू?

उत्तर : ताई, नगरपरिषदेत चकरा नका मारू. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात आहे. लेखी अर्ज द्या, पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. ‘धूर येतो’ एवढं मोघम नको; तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहा, मोबाइलवरचा व्हिडिओ जोडा. रात्रीच का? धूर गाळणारं यंत्र वीज खातं, ते बंद ठेवलं तर अंधारात कोण पाहतं बाप्पा! माहिती अधिकारात 10 रुपये भरून कारखान्याच्या संमतीपत्राची, म्हणजे मंडळानं कारखाना चालवायला दिलेल्या परवानगीची, प्रतही मागा. कोणतं इंधन जाळायला परवानगी आहे, ते त्यात लिहिलेलं असतं.