जुन्या पद्मिनीचे ब्रेक ऑइल बदलूनही पेडल खाली का जाते?

आपल्या १९८८ च्या प्रीमियर पद्मिनीचे ब्रेक ऑइल बदलून, दोनदा हवा काढूनही पेडल खाली जाते आणि आता तिसऱ्यांदा ब्लीडिंग, म्हणजे हवा काढण्याचे काम, करावे का, असे आपण विचारले आहे. माझ्याकडेही त्याच काळातली पद्मिनी आहे आणि दादरला इमारतीच्या आवारात तिचे ब्रेक मी स्वतःच पाहतो. तिसऱ्यांदा निपल, म्हणजे चाकापाशी हवा काढण्यासाठी असलेला स्क्रू, उघडण्यापूर्वी दोष हवेचाच आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

गाडी उभी असताना पेडल लागोपाठ तीन-चार वेळा दाबावे. ते वर आले, पण पायाला स्पंजासारखे लागले, तर आत हवा आहे. वर येऊन घट्ट झाले, तर बहुधा लायनर (ब्रेक शूवरचा घासणारा थर) आणि ड्रम (चाकाबरोबर फिरणारे, शू ज्याला आतून टेकतात ते भांडे) यांच्यातले अंतर वाढलेले असते. या गाडीच्या चारही चाकांना ड्रम असल्यामुळे शू अ‍ॅडजस्ट केल्याशिवाय कितीही ऑइल ओतले तरी फरक पडत नाही. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरचे, रबरी वॉशर गेले असे समजावे.

हे वॉशर पुष्कळदा ब्लीडिंग करतानाच फाटतात. पिस्टन रोज जेवढा सरकतो, तेवढाच सिलिंडरचा भाग गुळगुळीत राहतो आणि पुढच्या भागावर गंज धरतो. मदतनीस पेडल तळापर्यंत दाबू लागला की वॉशर त्या गंजावर घासला जातो. माझा एक मास्टर सिलिंडर असाच गेला. तेव्हापासून पेडल तळापर्यंत जाऊ नये म्हणून मी त्याखाली लाकडी ठोकळा ठेवतो.

हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी; मास्टर सिलिंडर उजवीकडे असल्याने डावे मागचे चाक आधी, मग उजवे मागचे, डावे पुढचे आणि शेवटी उजवे पुढचे, असा क्रम ठेवावा. पेडल सुटण्याआधी निपल बंद झालाच पाहिजे, आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतले ऑइल तळाला जाऊ देऊ नये.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट ३ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर त्याची मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. असे ऑइल खंडाळ्याचा घाट उतरताना चाकांपाशी उकळले, तर वाफ दाबली जाते आणि ब्रेक लागत नाही. म्हणून मुंबईच्या दमट हवेत मी दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर ते पूर्ण बदलतो, आणि त्यासाठी सीलबंद डबाच घेतो. अर्धवट वापरून ठेवलेला डबा पुन्हा वापरत नाही.