'गुलाब' धडकला की धडकले?

प्रश्न असा आहे : उत्तर हिंदी महासागरातील 2021 सालच्या वादळांविषयी लिहिताना 'गुलाब धडकला' म्हणावे की 'गुलाब धडकले'? 'गुलाबने' लिहावे की 'गुलाबाने'? आणि त्या वर्षीच्या पहिल्या वादळाचे नाव 'तौक्ते' की 'ताउते'?

माझ्या मते 'गुलाब धडकले' हेच मराठीच्या स्वभावाला धरून आहे. गुलाब हे फूल म्हणून पुल्लिंगी असले, तरी एखाद्या वस्तूचे ते नाव झाले की शब्द आपले मूळ लिंग सोडतो आणि ती वस्तू ज्या जातीची, त्या जातिवाचक नामाचे लिंग घेतो. हा नियम कोणी शिकवलेला नसतानाही आपण रोज पाळतो. सिंहगड हा किल्ला 'सर झाला', पण पुणे स्थानकाच्या फलाटावर उभा असलेला माणूस 'सिंहगड आली का?' असेच विचारतो, कारण त्याच्या मनात गाडी असते. सकाळ 'होते' ती स्त्रीलिंगी, पण दारात 'सकाळ आला' तो पुल्लिंगी. लोकसत्तेतील सत्ता स्त्रीलिंगी, तरी 'आज लोकसत्ता आला नाही' हे कोणालाही खटकत नाही. वादळ आणि चक्रीवादळ ही दोन्ही नामे नपुंसकलिंगी असल्यामुळे तौक्ते आले, यास आले, गुलाब आले, शाहीन आले आणि जवाद किनारा गाठण्यापूर्वीच क्षीण झाले. 'गुलाब धडकला' हे रूप बातम्यांतून कानावर पडते, ते बहुधा हिंदीच्या वळणाने. तिथे तूफान पुल्लिंगी आहे.

ही नावे निवडताना लिंगाचा विचार मुळातच झालेला असतो. या सागरी प्रदेशातील 13 देशांनी प्रत्येकी 13 अशी एकूण 169 नावांची यादी 2020 च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली. राजकारण, धर्म, संस्कृती आणि लिंग या चारही बाबतींत नाव तटस्थ असावे, अशी अट त्या यादीला आहे. वाऱ्याचा वेग 34 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 63 किलोमीटर झाला की यादीतील पुढचे नाव दिले जाते. 2021 मध्ये म्यानमार, ओमान, पाकिस्तान, कतार आणि सौदी अरेबिया या देशांची नावे ओळीने आली. मराठीत क्रियापदाला कोणते तरी लिंग द्यावेच लागते, आणि आपल्या व्याकरणाने इथे आपसूक नपुंसकलिंग पुरवावे, याचे मला फार समाधान वाटते.

सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागताना नामात होणाऱ्या बदलाचा, प्रश्न अधिक नाजूक आहे. 'प्रकाशाने खोली उजळली' आणि 'प्रकाशने दार उघडले' या दोन वाक्यांत एका 'आ'काराच्या फरकाने आपण उजेड आणि माणूस वेगळे करतो. तीच सोय इथे वापरावी. 2020 च्या जूनमध्ये रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या वादळाबद्दल 'निसर्गाने बागा उद्ध्वस्त केल्या' असे लिहिले, तर एकूण सृष्टीला दोष दिल्यासारखे होते. 'निसर्गने' म्हटले की ते विशिष्ट वादळ डोळ्यांसमोर येते. म्हणून 'गुलाबने', 'गुलाबचा', 'गुलाबमुळे'. आंध्रच्या किनाऱ्यावर 26 सप्टेंबरला धडकलेल्या गुलाबचे अवशेष पश्चिमेकडे सरकले, वाटेत त्यांनी मराठवाड्यात अतिवृष्टी केली, पुढे अरबी समुद्रात उतरून ते पुन्हा बळावले आणि नव्या नावाने, शाहीन म्हणून, 3 ऑक्टोबरला ओमानवर गेले. हे सांगताना 'गुलाबचे शाहीन झाले' एवढे तीन शब्द पुरतात. 'गुलाबाचा शाहीन झाला' असे लिहिले, तर शाहीन म्हणजे ससाणा हे ठाऊक असलेल्या वाचकाला फुलातून पक्षी निघाल्याचा भास व्हावा.

संदिग्धता उरत असेल तिथे 'गुलाब चक्रीवादळाने' असे पूर्ण लिहावे. 'यास'च्या बाबतीत तर मी हा आग्रहच धरेन, कारण यास म्हणजे याला. 'यास रोखणे अशक्य होते' हे वाक्य वादळाविषयी आहे की आधीच्या वाक्यातील कशाविषयी, हे अवतरणचिन्हांशिवाय कळत नाही, आणि मोठ्याने वाचताना ती चिन्हेही मदतीला येत नाहीत.

तौक्ते हे ब्रह्मी भाषेतील एका आवाज करणाऱ्या पालीचे नाव. मूळ लेखनात क आहे. पण शब्दखंडाच्या शेवटी येणारा हा क ब्रह्मी बोलणारे उच्चारत नाहीत, घशातच तोडतात. यादीसोबत दिलेल्या उच्चारातही तो नाही. रोमन अक्षरांतून नाव आपल्याकडे आल्यामुळे क छापला गेला आणि तसाच बोललाही गेला. नव्याने लिहिणाऱ्याने 'ताउते' लिहावे, असे मी सुचवेन. मात्र ज्याच्या घराचे पत्रे त्या मे महिन्यात उडाले, तो 'तौक्तेत उडाले' म्हणाला तर त्याचा शब्द दुरुस्त करू नये. दोन्ही रूपे एकारान्त असल्याने प्रत्यय लावताना बदलत नाहीत : तौक्तेने, ताउतेने.