सीटीत ६० टक्के ब्लॉकेज आलंय, स्टेंट घालायचाच का?

प्रश्न : डॉक्टर, आमचे आबा ६२ वर्षांचे, करवीर तालुक्यात शेती, शुगर आहे. जोतिबाच्या पायऱ्या चढताना छातीत आवळल्यासारखं होतं, थांबले की जातं. ईसीजी नॉर्मल, पण सीटी अँजिओत (हृदयाच्या नळ्यांचा सीटी स्कॅन) एलएडी या हृदयाच्या पुढच्या नळीच्या मधल्या भागात ६० टक्के ब्लॉकेज आणि लेफ्ट मेन मोकळी असं आलंय. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात, पण पाहुणे म्हणतायत लगेच स्टेंट घाला नाहीतर कधीपण अटॅक येईल. घरात कुणालाच झोप नाही.

उत्तर : दादा, तुमच्या रिपोर्टात सगळ्यात मोलाची ओळ ६० टक्क्यांची नाही, 'लेफ्ट मेन मोकळी' ही आहे. ती डाव्या बाजूची मुख्य नळी, तिथं ५० टक्के जरी अडथळा असता तर मी तुम्हाला आज वेगळं सांगितलं असतं.

आता ६० टक्के म्हणजे ४० टक्केच रक्त पोचतंय असं नसतं बघा, सीटीत नळी किती अरुंद झालीय ते दिसतं, पुढं रक्ताचा दाब किती कमी होतोय ते नाही, त्यात कॅल्शियम जास्त साठलं असेल तर ते चित्रात फुगून दिसतं आणि ब्लॉकेज आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. त्याच सीटीच्या चित्रांवरून कॉम्प्युटरनं दाबाचा हिशोब काढता येतो, त्याला एफएफआर-सीटी म्हणतात, आकडा ०.८० किंवा त्याखाली आला तर अडथळा रक्त अडवतोय असं धरतात. ही सोय सगळीकडं नाही, मग हृदयावर ताण देऊन बघायची स्ट्रेस टेस्ट करतात, नाहीतर अँजिओग्राफीत बारीक वायर घालून दाब मोजतात. हे डॉक्टरांना नक्की विचारा.

स्टेंटचं म्हणाल तर २०२० साली छापून आलेल्या 'इस्केमिया' अभ्यासात आबांसारखे स्थिर त्रासाचे, लेफ्ट मेन मोकळी असलेले ५१७९ पेशंट होते, त्यात सुरुवातीलाच स्टेंट-बायपास केल्यानं मृत्यू किंवा अटॅक एकंदरीत कमी झाले नाहीत, छातीचं दुखणं मात्र जास्त कमी झालं. म्हणजे गोळ्या नीट घेऊनही आबांना पायऱ्या चढवेनात तर स्टेंट जरूर घाला, पण भीतीपोटी नको. आणि स्कॉटलंडच्या 'स्कॉट-हार्ट' अभ्यासात सीटी केलेल्यांत ५ वर्षांत अटॅक आणि हृदयविकारानं मृत्यू मिळून २.३ टक्के, न केलेल्यांत ३.९. स्टेंटचं प्रमाण दोन्हीकडं जवळपास सारखंच होतं, सीटीवाल्यांना स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), अ‍ॅस्पिरिन जास्त दिलं गेलं होतं. त्यामुळं बरं वाटलं म्हणून आबा गोळ्या सोडतील तर ते अजिबात होऊ देऊ नका, तंबाखू असेल तर आजच बंद.

बसल्या जागी दुखायला लागलं, घाम फुटला, किंवा थांबूनही जाईना तर मात्र रिपोर्ट बघत बसायचं नाही, लगेच १०८ लावायचा.